एकोणसाठ नीट, एक सुरगाण्याला

भोये यशोदा काशिनाथ. अन्याय झाला तो हिच्यावर. दोन हजार चार सालच्या मार्चची एकतीस तारीख, बुधवार, दुपारचे सव्वाचार. जागा, नाशिकमधल्या एका सहकारी बँकेचं मुख्य कार्यालय, दुसरा मजला, मोठा हॉल. मी तिथे हजर होते. टाळ्या वाजवणाऱ्यांतही होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर ‘तेव्हा तू काय करत होतीस’ असं कुणाला विचारावं लागू नये.

त्या दुपारी पाटणकर साहेबांनी अहवाल वाचला. पाटणकर साहेब म्हणजे बँकेच्या संगणक विभागाचे प्रमुख. मुख्य कार्यालय आणि सगळ्या शाखा मिळून साठ नव्या मशिनी बसल्या, वेळेत बसल्या, एकही बंद पडली नाही, असं त्यात होतं. ते खरं होतं. पुढे होतं, ‘सर्व यंत्रांची प्रणाली पुरवठादार कंपनीच्या अभियंत्यांनी तयार केली.’ हे साफ खोटं होतं. अभियंता दोन दिवस आला आणि चहा पिऊन गेला. प्रणाली तयार केली यशोदाने, आणि ती माझ्या शेजारी उभी होती. हातात मास्टरच्या दोन सीड्या, पदराने पुसून लख्ख केलेल्या. अहवाल संपला, टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या, सीड्या काखेत धरून.

आज पाच वर्षांनी परत मार्च आहे, आणि त्या बँकेच्या दारात परत खोके उतरलेत. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघितले. थर्माकोलचा तो चरचर आवाज रस्ता ओलांडून येतो. दात शिवशिवतात आणि सगळं आठवायला लागतं.

मार्चअखेर हा आपल्याकडचा वेगळाच ऋतू आहे. वर्षभर खुर्ची मागा, मिळत नाही. ट्यूबलाइट मागा, मिळत नाही. मार्च उजाडला की सगळं टेम्पो भरभरून येतं, कारण एकतीसच्या आत यायला हवं असतं. पहाटे अंगावर पांघरूण लागतं आणि दुपारी डांबर चपलेला चिकटतं, असे ते दिवस. रस्त्याकडेला द्राक्षांचे क्रेट. कडुनिंबाची पानगळ. रंगपंचमी होऊन गेलेली, पण सगळ्यांच्या नखांत रंग उरलेला. आमच्या वसाहतीत जयंतीची तयारी सुरू, निळ्या कापडाचे तागे शिंप्याकडे पडलेले. आणि आम्ही सात जणी, सगळ्या कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर, त्या हॉलमध्ये साठ खोक्यांच्या मधोमध. नव्या प्लॅस्टिकचा वास इतका की डबा उघडला तरी भाजीचा वास येत नसे.

बँकेचे शिपाई नामदेवमामा. त्यांच्या मेव्हण्याचा दिंडोरीला द्राक्षाचा मळा. रोज सकाळी ते पिशवीभर सुटे मणी घेऊन यायचे आणि रोज यशोदाकडून बोलणी खायचे.

“मामा, हात धुतल्याबिगर कोणी की-बोर्डाला हात लावला तर मी खोक्यात भरून परत पाठवीन त्याला.”

“अगं, खा तर आधी! साखर हाय नुसती.”

“साखर हाय म्हणूनच सांगते. मुंग्या होतील आत.”

मग सातही जणी रांगेने मोरीवर. आजही द्राक्षं खाल्ली की माझा हात आपोआप नळाखाली जातो.

यशोदा सुरगाणा तालुक्यातली, डोंगरातल्या एका पाड्याची. तेव्हा सत्तावीसची असेल, मी एकवीसची. शिकली आश्रमशाळेत, नंतर नाशिकला बहिणीकडे राहून शालिमारच्या टायपिंग क्लासमधून मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पास. संगणकाचा कोर्स केला तो सकाळी साडेसहाच्या बॅचला, कारण त्या वेळेला फी कमी. बोलायला हळू. हसली की तोंडावर हात. पण मशीन उघडलं की तिचा आवाज बदलायचा. स्क्रू काढताना ती मशिनीला ‘थांब गं’ म्हणायची.

तर तो अभियंता. मुंबईहून तयार इमेज घेऊन आला होता. इमेज म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी भानगड तिथे आहे. एकेका मशिनीवर सगळं पहिल्यापासून चढवायचं, मूळ प्रणाली, मग प्रिंटर ओळखवायचा, मग मराठी, मग बँकेचा प्रोग्रॅम, तर एका मशिनीला अर्धा दिवस जातो. साठ मशिनी आणि हातात बारा दिवस. म्हणून एकच मशीन सगळ्या बाजूंनी नीट तयार करायची. ती मास्टर. मग तिच्या आतलं जसंच्या तसं सीडीवर उतरवायचं आणि बाकीच्यांत ओतायचं. ते उतरवलेलं म्हणजे इमेज.

त्या अभियंता साहेबांची इमेज आमच्या मशिनींत ओतली. पासबुकाचा प्रिंटर ओळखेना. तारीख आधी महिना, मग दिवस. आणि मराठीची कळफलक-मांडणी भलतीच. आम्ही सगळ्या टायपरायटरवर शिकलेल्या, बोटं डोळे मिटून त्या जागांवर पडणार. इथे ‘क’ दाबला की ‘म’च उमटे.

“मॅडम, अब यही स्टँडर्ड है. सीख लो,” साहेब म्हणाले.

यशोदा खाली मान घालून म्हणाली, “आम्ही शिकू, साहेब. पण दोन तारखेला काउंटरवर रांग लागंल, ती थांबणार नाय आमच्या शिकण्यासाठी.”

साहेबांनी पाटणकर साहेबांकडे बघितलं, हसले, आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. जाताना सांगून गेले, एकेक करून बसवा. पाटणकर साहेबांचा चेहरा पडला. तेव्हा यशोदा म्हणाली, “मी मास्टर करू का?”

“तुला जमेल?”

“ते नाय सांगता येणार. करून दाखवते.”

तिच्याकडे एक शंभर पानी वही होती. डाव्या पानावर काय करायचं, उजव्या पानावर का करायचं. अशी वही मी नंतर कुठल्याही इंजिनिअरकडे बघितली नाही, आणि गेल्या पाच वर्षांत बरेच इंजिनिअर बघितलेत. तीन दिवस ती एकाच मशिनीपुढे बसली. एक गोष्ट चढवायची, बंद करून चालू करायची, बघायची, वहीत टिक करायची. टायपरायटरची मांडणी घातली. पासबुक प्रिंटरसाठी जुन्या शाखेतून फ्लॉपी मागवली. तारीख सरळ केली. पाटणकर साहेबांच्या हुकमावरून पत्त्यांचा खेळ काढून टाकला. त्यावर कॅशियर काका हॉलच्या दारात येऊन म्हणाले, “यशोदाबाई, बाकी सगळं माफ. पण पत्ते काढलेस, तुला पाप लागेल.”

“काका, साठ ठिकाणचे काढलेत. साठपट लागंल.”

एकदा मी वैतागून म्हटलं, “अगं ताई, किती वेळा तेच तेच? एखादं राहिलं तर राहिलं.”

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. त्या दिवसांत पश्चिमेला, पेठ-हरसूलच्या अंगाला, आकाश धुरकट असतं. तिकडे राब भाजतात. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, म्हणजे आधीचं तण, आधीचं बी सगळं जळून जातं आणि पावसात रोप स्वच्छ उगवतं. मग तेच रोप सगळ्या खाचरांत लावतात.

“हे राब हाय,” ती म्हणाली. “राबात एक तण राहिलं ना सुजाता, तर ते सगळ्या खाचरांत जातं. मग एकेक उपटत बसायचं. माझी आई भाजताना तुकड्याभोवती चार फेऱ्या मारते. मी पाच मारते, कारण इथं धूर दिसत नाय.”

आणि एवढं म्हणणारीच्या राबात एक तण राहिलं.

मूळ प्रणाली चढवताना मशीन एक प्रश्न विचारते. नाव? आता जिने आयुष्यभर फॉर्म भरलेत, आश्रमशाळेचा, शिष्यवृत्तीचा, जातीच्या दाखल्याचा, टायपिंगच्या परीक्षेचा, ती या प्रश्नाला काय उत्तर देणार? तिने लिहिलं पूर्ण नाव, आडनाव आधी, वडिलांचं शेवटी, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. सुरुवातीच्या पडद्यावर नुसतं यशोदा. मास्टर करताना नाव देणं चूक नव्हतं. पण इमेज उतरवण्याआधी मास्टरची ओळख पुसायची असते, म्हणजे प्रत्येक नवी मशीन कोरी उठते आणि आपापलं नाव घेते. ती पायरी वहीत होती. उजव्या पानावर कारणही होतं. पण त्या सकाळी सुरगाण्याची जीप खाली हॉर्न वाजवत होती. त्या शाखेला एकच मशीन जायची होती आणि जीपवाला भरली की निघतो, बँकेसाठी थांबत नाही. घाईत पायरी राहिली.

पहिल्या आठ मशिनी ओतल्या. त्यातली एक नामदेवमामांनी खोक्यात घालून खाली नेली. जीप गेली. उरलेल्या सात आम्ही रांगेने चालू केल्या.

यशोदा. यशोदा. यशोदा. सातही पडद्यांवर. आणि एकमेकींना जोडल्या तशा सातही भांडायला लागल्या, या नावाची मशीन आधीच आहे म्हणून.

आम्ही हसून हसून खोक्यांवर आडव्या पडलो. नामदेवमामा वर आले, पडदे बघितले आणि म्हणाले, “आता बोल! द्राक्षं कोणाकोणाला वाटू?” यशोदा मात्र पांढरीफटक. तोंडावर हात, पण हसू नव्हतं. पाटणकर साहेब आले. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, आणि जे बोलले ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

“पुसून टाक. परत ओत.”

“साहेब, एक सुरगाण्याला गेली.”

“राहू दे. ती कशाला जोडलेली नाही, एकटीच चालेल. आणि सुरगाण्यात कोण बघतंय!”

सुरगाण्याची मुलगी समोर उभी होती. ती “बरं” म्हणाली आणि कामाला लागली. सात पुसल्या. मास्टरची ओळख काढली, तीनदा तपासलं, नवी इमेज उतरवली. एका वेळी आठ. एका फेरीला पाऊण तास. त्या पाऊण तासात आम्ही खोक्यांवर शाखांची नावं लिहायचो. घोटी, हरसूल, दिंडोरी. माझं अक्षर बरं म्हणून मी लिहायची, नामदेवमामा सुतळी बांधायचे. ती प्रत्येक मशीन कोरी उठताना बघायची, तिला शाखेचं नाव द्यायची आणि वहीत टिक. एकोणसाठ टिका. मी मोजल्यात.

दोन एप्रिलला बँक उघडली. माझी आई तेव्हा शाळेत शिपाई होती, खातं याच बँकेत. आई मोठेपणी प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली. आधीचं पासबुक क्लार्कच्या हातचं, ते क्लार्कशिवाय कुणाला लागायचं नाही. त्या दिवशी ती रांगेत उभी राहिली, प्रिंटर करकरला, आणि पासबुकावर तिचं नाव मराठीत, सुटं, स्वच्छ. आईने काउंटरपाशीच बोट ठेवून वाचलं. एकेक अक्षर. मागचा माणूस “बाई, चला ना” म्हणत होता. आई म्हणाली, “थांब, माझं नाव वाचतेय.” मी काचेच्या आत बसले होते. त्या वेळी मला जो अभिमान वाटला तो मी अजून पुरवून पुरवून वापरते. सभेत बोलायला उभी राहिले की ते बोट आठवते.

त्या बोटाखालचं अक्षर यशोदाने आणलं होतं. मुंबईच्या इमेजमध्ये ते नव्हतं.

पुढचं थोडक्यात, कारण पुढचं नेहमीचंच आहे. आमची सातही जणींची कंत्राटं जूनमध्ये संपली. यशोदाने अनुभवाचा दाखला मागितला. दाखल्यात आलं, ‘डेटा एन्ट्रीचे काम केले.’ तिने पाटणकर साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, अहवालात जे आहे तेच दाखल्यात येणार. बँकेने दोनदा संगणक सहायकाची कायम जागा काढली. दोन्ही वेळी अट होती, मोठ्या संख्येने यंत्रांची प्रणाली उभारल्याचा अनुभव. दोन्ही वेळी तिचा अर्ज पहिल्याच छाननीत बाहेर. आज ती पंचवटीतल्या एका क्लासमध्ये पोरांना शिकवते. त्या पोरांतल्या एकाला त्या जागेवर घेतलं. तो येऊन पाया पडला. तिने त्याला पेढा दिला. मी असते तर दिला नसता.

या मार्चमध्ये तिसऱ्यांदा जागा निघाली आहे. अर्जाची मुदत एकतीस. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात मी सुरगाण्याला गेले. एस.टी.ने आणि पुढे जीपने. घाटात दोन्ही अंगांना राब धुमसत होते, डोळे चुरचुरत होते. शाखा एका खोलीची. तिथे गावितभाऊ म्हणून क्लार्क, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी म्हटलं, जुनी मशीन बघायची आहे.

“कोन, यशोदा?” ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी काउंटरच्या टोकाला बोट दाखवलं. प्लॅस्टिकचं आवरण, त्यावर कुणीतरी ठिपक्यांचं फूल काढलेलं. “पयल्या दिसापासून चालू केली की तेच नाव येतं. मंग आम्हीबी तेच म्हनतो. यशोदा लाव, यशोदा बंद कर. हळू झाली आता, पन पाच वर्सांत एकदा बंद पडली नाय. ती नवीन येनारे, यंदा हिला भंगारात काढायचीय एकतीसला. जीवावर येतं.”

मी आतली माहितीची खिडकी उघडली. नोंदणी कोणाच्या नावे, तर भोये यशोदा काशिनाथ. खाली प्रणाली चढवल्याची तारीख, दोन हजार चारचा मार्च. पासबुकाच्या प्रिंटरवरच कागद काढला. गावितभाऊंनी तो दोनदा वाचला.

“ही बाई कोन?”

“तुमच्याच तालुक्यातली. हे सगळं तिने केलंय. साठही.”

त्यांनी ड्रॉवरमधून शाखेचा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला, कागदावर उमटवला आणि खाली लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहिले.’ सही केली. भीती नाही वाटत का, मी विचारलं. म्हणाले, “खरं पाह्यलं त्याला काय भ्यायचं?”

तो कागद घेऊन मी पंचवटीला गेले. वाटलं होतं यशोदा नाचेल. तिने कागद पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

“सुजाता, ही माझी चूक हाय. चुकीचा कागद दाखवून नोकरी मागू? म्हणतील, हिला स्वतःचं नावसुद्धा पुसता आलं नाय.”

मला राग आला, तिचाच. या बाईला एवढं पक्कं शिकवलंय की नाव राहणं हीच चूक. मशिनीचं पुसायचं असतं, ताई, मी म्हटलं. तुझं कुणी पुसायला सांगितलं होतं? पाटणकरांच्या अहवालाने पुसलं, दाखल्याने पुसलं, आणि जिथे ‘कोण बघतंय’ म्हणाले तिथे पाच वर्षं रोज सकाळी माणसं ते वाचतायत, हाक मारतायत.

“हाक मारतायत?”

मी तिला गावितभाऊंचं बोलणं सांगितलं. यशोदा लाव, यशोदा बंद कर. हळू झाली पण बंद पडली नाही. तिचा हात तोंडावर गेला, आणि या वेळी हसू होतं.

“एकदाबी बंद पडली नाय?”

“एकदाही नाही.”

ती उठली. कपाटातून ती शंभर पानी वही काढली. कडा पिवळ्या, सुतळीने बांधलेली. कागद सरळ केला, वहीवर ठेवला.

“मग नीट लिही,” ती म्हणाली. “लिही की एकात नाव राहिलं, ते माझ्याकडून राहिलं. जीप हॉर्न वाजवत होती, ते लिहू नको, ते कारण नाय. आणि खाली लिही, एकोणसाठ नीट केल्या.”

लिहिलं, ताई. हे पत्रक तेच आहे.

कागद, वहीच्या पानांच्या नकला आणि आम्हा सहा जणींच्या सह्या अर्जाला जोडल्या आहेत. नामदेवमामा निवृत्त झालेत, त्यांचीही सही आहे, थरथरती पण पूर्ण. एक गोष्ट कमी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. ही बँक सभासदांची आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या पासबुकावर पाच वर्षं तिने आणलेल्या अक्षरांत नाव छापून येतं आहे. एकतीसच्या आत आपापल्या शाखेत जा. एक साधा कागद घ्या आणि लिहा, या साठ मशिनींची प्रणाली जिने तयार केली तिला तसा दाखला द्या. कोण ती, हे मोघम लिहू नका. फॉर्म भरतो तसं पूर्ण नाव लिहा, आडनाव आधी. भोये यशोदा काशिनाथ.